न्यूट्रलमां राखजो, काका

आमच्याकडे बडोद्यात त्याला गोबा म्हणतात.
पुण्याची मावसबहीण पोचा म्हणते,
पण पोचा हा मऊ शब्द, पातेल्याला शोभेल.
गोबा म्हटलं की पत्र्याचा आवाज येतो
आणि पाठोपाठ कुणीतरी म्हणतं,
‘कंई नथी थयुं.’

माझी एस्टीम, दोन हजार एकची,
जांभळट मरून, जी. जे. सहा.
कंपनीनं घरी बसवलं तेव्हाच्या पैशांतून.
हेमांगी म्हणाली होती, एफडी करा.
मी ही केली.

तेव्हापासून मला माणसं दारांवरून कळतात.
मागच्या सीटवर दोन पोरं असतील
तर त्या गाडीपासून लांब राहावं.
सीटचं प्लॅस्टिकही न काढलेली नवी गाडी दिसली
की तिच्या कुशीत लावावी.
तिचा मालक दार उघडतो
देवघराचं उघडावं तसं.
खांब मिळाला तर खांबच.
खांबाला दार नसतं.

न्यायमंदिरापाशी काम असलं तरी मी
गाडी सुरसागरच्या पलीकडे लावतो.
हेमांगी उन्हातून चालते, बोलत नाही.
तिचं न बोलणं मोजलंय मी,
साधारण सहाशे पावलं.
जुन्या गादीचा फोम, सायकलची ट्यूब,
फुटक्या स्पीकरमधली लोहचुंबकं,
यांचं चिलखत शिवलंय दोन्ही बाजूंच्या दारांना.
सोसायटीतली मुलं त्याला गाडीची लंगोटी म्हणतात.
म्हणोत.

पण खंडेराव मार्केटच्या पार्किंगमध्ये खांब नाहीत.
तिथे रतिलाल आहे.
गळ्यात शिट्टी, कानावर पेन,
एकामागे एक अशा दोन ओळी, मग तिसरीही,
आणि प्रत्येकाला तोच मंत्र,
‘न्यूट्रलमां राखजो, काका.’
म्हणजे हँडब्रेक नको.
म्हणजे तो ढकलणार,
हातानं, ढोपरानं, जमेल त्यानं.

मी ‘हो’ म्हणायचो
आणि ब्रेक ओढायचो,
त्याची करकर खोकल्यात लपवून.
अकरा वर्षं.

मे महिन्यातला शुक्रवार.
गवार, कैऱ्या, हेमांगीला मोगरा,
चाळीस मिनिटं.
परत आलो तर माझ्या गाडीभोवती घोळका.
गोबा आधी पोटात पडला.

मागे अडकली होती फुलांची व्हॅन.
वाघोडियाला लग्न, मांडव अजून उघडा,
आणि पोत्यांतला झेंडू जागच्या जागी शिजत चाललेला.
मनहर फूलवाला शिव्या देत नव्हता,
काच ठोकत नव्हता,
नुसता माझ्या मागच्या चाकाकडे बघत होता
बंद दुकानाच्या कुलपाकडे बघावं तसा.

मी पुढे होणार तेवढ्यात
रतिलाल म्हणाला, ‘उपाडो.’

सहा जण. तिघे हमाल, काळ्या कोटातला एक वकील,
लिंबूसरबतवाला, आणि रतिलाल स्वतः.
बंपरखाली हात गेले
आणि माझ्या गाडीची मागची बाजू
वीतभर अधांतरी.
‘संभाळीने, संभाळीने,’ कोण म्हणत होतं कळलं नाही.
नुकतं न्हाऊ घातलेलं मूल
या मांडीवरून त्या मांडीवर द्यावं
तशी त्यांनी ती बाजूला ठेवली.

व्हॅन गेली.
माझ्या खिशात किल्ली, किल्लीवर माझी मूठ.
कुणी काही म्हटलं नाही.
रतिलालनं फक्त पावती मागितली,
पाहिली,
परत दिली.

रात्री टॉर्च घेऊन पत्रा न् पत्रा तपासला.
चरा नाही. गोबा नाही.
डिकीच्या कडेला, धुळीत, झेंडूच्या पिवळ्या भुकटीत
हातांचे ठसे. मोजले, अकरा.
एका पंजाला करंगळी नव्हती.
बारावा हात सरबतवाल्याचा असणार,
त्याच्या एका हातात ग्लास होता.

शनिवारी सकाळी काचा पुसल्या, चाकं पुसली,
बॉनेटला मेण लावलं.
मागे गेलो नाही.

पुढच्या शुक्रवारी न्यूट्रल.
खोकलोही नाही.
मार्केटच्या कमानीपर्यंत पोचलो असू,
मागे आवाज आला,
टण्.

वळून पाहिलं नाही, असं मला लिहायचं होतं.
पाहिलं.
हेमांगीनं पिशवी माझ्या हातात दिली,
म्हणाली, चला,
कैऱ्या संपतील.